किलोमीटरवर पगार: गाडी उभी असते तेव्हाचे पैसे कोण देणार?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

आडगावचा ट्रक टर्मिनल, अंबड, सिन्नर आणि पिंपळगाव बसवंत इथून या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विषय आहे. महिन्याचा पगार आणि रोजचा भत्ता बंद करून किलोमीटरमागे पैसे देण्याची पद्धत आता छोट्या गाडीमालकांकडेही सुरू झाली आहे. चालकांना त्यात आपलं भागेल का, हे कळत नाही. मालकांना दर किती ठरवावा, हे कळत नाही. निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: मी दहा टायर गाडी चालवतो. आतापर्यंत महिना १६,००० रुपये पगार आणि लाइनवर, म्हणजे फेरीवर असताना रोज ३०० रुपये भत्ता मिळायचा. आता मालक म्हणतात, किलोमीटरला ४ रुपये घे, खुराकी (खाण्यापिण्याचे पैसे) त्यातच. गाडी महिन्याला साधारण ६,००० किलोमीटर चालते. होकार द्यावा का?
– चालक, आडगाव

उत्तर: आधी जुन्या पगाराचा पूर्ण आकडा काढा. महिन्यात २६ दिवस लाइनवर धरले तर भत्ता ७,८०० होतो. पगार धरून २३,८०० रुपये. त्याला ४ ने भागलं की ५,९५० येतात. म्हणजे गाडी ५,९५० किलोमीटर चालली तरच तुम्ही जुन्या जागेवर आलात. ६,००० किलोमीटरला २४,००० होतात, म्हणजे वाढ फक्त २०० रुपयांची. त्या २०० रुपयांसाठी मंदीचा सगळा धोका तुमच्या अंगावर येतो.

हा धोका केवढा आहे ते पाहा. एखाद्या महिन्यात गाडी ४,५०० किलोमीटरच चालली तर हातात १८,००० येतील. खाण्यापिण्याला तेच ७,८०० लागले तर घरी १०,२०० जातील. जुन्या पद्धतीत घरी १६,००० जात होते. नाशिकच्या गाड्यांना असे महिने येतातच. द्राक्षांचा हंगाम जानेवारी ते एप्रिल, तेव्हा गाडीला उसंत नसते. पण डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली ती मे २०२४ मध्ये उठली. अशा काळात लिलाव थांबतात, भाडी मिळत नाहीत आणि गाडी टर्मिनलवर उभी राहते. त्यात चालकाचा दोष काय? तरी किलोमीटरच्या पगारात पहिला फटका त्यालाच बसतो.

म्हणून सरळ नकार देऊ नका, पण या अटीवर होकारही देऊ नका. मालकांकडे दोन गोष्टी मागा. एक, महिन्याला ठरावीक किलोमीटरची हमी. गाडी कमी चालली तरी तेवढ्याचे पैसे मिळाले पाहिजेत. दोन, तुम्ही धोका घेत आहात म्हणून दर थोडा वर. साडेचार रुपये दर आणि ५,००० किलोमीटरची हमी असेल तर सगळ्यात वाईट महिन्यात २२,५०० मिळतील आणि ६,००० ला २७,०००. मंदीत मालकांचेही जुन्यापेक्षा १,३०० रुपये वाचतील, त्यामुळे बोलणीला जागा आहे. बोलायला जाण्याआधी मागच्या बारा महिन्यांचे किलोमीटर वहीतून काढून न्या. ५,९५० च्या खालचे महिने किती, हे दाखवलं की वाद लवकर मिटतो.

हिशोब अजून पुरा होत नाही. किलोमीटर सारखे असले तरी तास सारखे नसतात. तुमच्याच ४ रुपयांच्या दराने दोन फेऱ्या मांडू. नाशिक ते न्हावा शेवा जाऊन-येऊन अंदाजे ३८० किलोमीटर, मिळाले १,५२० रुपये. बंदराच्या रांगेसह फेरी दोन दिवसांत झाली तर दिवसाला ७६०. रांग लांबली आणि तिसरा दिवस गेला तर ५०७. आता लासलगावहून कोलकात्याची फेरी घ्या: जाऊन-येऊन अंदाजे ३,६०० किलोमीटर, १४,४०० रुपये. सरासरी ताशी ४० चा वेग आणि रोज ९ तास गाडी धरली तर चालवण्याचे १० दिवस होतात. माल भरणं, खाली करणं आणि परतीच्या मालाची वाट पाहणं यात ५ दिवस धरले तर १५ दिवस, म्हणजे रोज ९६०. म्हणजे बंदरावर रांग लांबली तर त्याच दराने लांबच्या फेरीला जवळपास दुप्पट रोज पडतो. मालक तुम्हाला बंदराच्या लाइनवर ठेवणार असतील तर ४ रुपये परवडणार नाहीत. तिथे फेरीमागे ठोक रक्कम मागा.

प्रश्न: परत येताना गाडी रिकामी असली तर मालक ते किलोमीटर धरत नाहीत. हे बरोबर आहे का?
– चालक, द्वारका, नाशिक

उत्तर: बरोबर नाही. रिकाम्या गाडीलाही तोच चालक, तेवढेच तास आणि तीच जोखीम लागते. परतीचा माल मिळवणं हे मालकाचं किंवा ट्रान्सपोर्टवाल्याचं काम आहे, चालकाचं नव्हे. भरलेल्या आणि रिकाम्या दोन्ही किलोमीटरला एकच दर हवा. मालक रिकाम्याला कमी दर देण्यावर अडले तर भरलेल्याचा दर वाढवून घ्या आणि दोन्हींची सरासरी काढून पाहा. जाताना ५ आणि येताना २ असेल तर फेरीचा खरा दर साडेतीन आहे.

प्रश्न: माझ्या तीन गाड्या आहेत. चालक टिकत नाहीत. पगाराऐवजी किलोमीटरवर द्यायचं ठरवतो आहे. भांडण होणार नाही असा नियम कसा बांधावा? किलोमीटर मीटरवरून घ्यावेत की जीपीएसवरून?
– गाडीमालक, पिंपळगाव बसवंत

उत्तर: मीटर आणि जीपीएस यांपैकी एकावरही पगार ठरवू नका. दोन्ही चुकतात आणि चुकीची दिशा वेगवेगळी असते. मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो. नव्या टायरची नक्षी झिजली की चाकाचा घेर कमी होतो आणि तेवढ्याच अंतराला जास्त फेऱ्या पडतात. ट्रकच्या टायरची नक्षी बारा मिलिमीटर झिजली तर मीटर दोन टक्क्यांहून थोडा जास्त दाखवतो. ६,००० किलोमीटरवर हा फरक शंभर-सव्वाशेच्या पुढे जातो. जीपीएस उलट कमी दाखवतो. यंत्र एक-दोन मिनिटांनी एकदा जागा नोंदवत असेल तर कसारा घाटातली वळणं तो सरळ रेषेने जोडतो आणि अंतर तुटतं. समृद्धी महामार्गावरच्या इगतपुरीच्या बोगद्यात सिग्नलच नसतो. मग चालक म्हणतो मीटर खरा, तुम्ही म्हणता जीपीएस खरा, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असता.

यावर उपाय मार्गाच्या तक्त्याचा आहे. तुमच्या गाड्या जातात ती पंधरा-वीस ठिकाणं लिहा. प्रत्येकाचं अंतर चालकांसमोर एकदा ठरवा आणि कागदावर सर्वांच्या सह्या घ्या. पगार त्या अंकावर. समृद्धीने जायचं की जुन्या महामार्गाने, हे त्यात लिहिलेलं असू द्या, कारण अंतर आणि टोल दोन्ही बदलतात. रस्ता बंद असल्याने वळसा पडला तर चालकाने त्याच वेळी फोन करायचा आणि जादा अंतर मीटरवरून धरायचं. मीटर आणि जीपीएस पडताळणीसाठी ठेवा.

दुसरा नियम हॉल्टिंगचा, म्हणजे गाडी माल भरायला-उतरवायला थांबून राहते त्या वेळेच्या पैशांचा, आणि चालक टिकतो की जातो ते बहुतेक याच्यावर ठरतं. गाडी कंपनीच्या गेटवर पोहोचल्याची वेळ गेट पासवर किंवा बिल्टीवर (मालासोबतच्या वाहतूक पावतीवर) लिहून घ्यायला चालकाला सांगा, सुटल्याची वेळही तशीच. पहिले १२ तास फेरीत धरा. त्यापुढे दर १२ तासांना ठरलेली रक्कम द्या. ती रक्कम चालकाच्या सरासरी रोजाच्या निम्म्याहून कमी नसावी. तुम्ही पार्टीकडून, म्हणजे ज्याचा माल त्याच्याकडून हॉल्टिंग वसूल करता तेव्हा त्यातला चालकाचा भाग आधीच ठरलेला असू द्या. पार्टीने दिलं नाही म्हणून चालकाला दिलं नाही, हे चालणार नाही. पार्टी तुमची आहे. वेळ लिहिलेला कागद हाती असला की पार्टीशीही तुम्हाला जोरात बोलता येतं.

वाराईचंही तेच. माल उतरवण्याचे पैसे चालकाच्या खिशातून जाऊ देऊ नका. ज्याचा माल त्याचा हमाल, ही वाहतूकदारांची जुनी मागणी आहे. पार्टीशी वाद चालू असेल तोवर तो खर्च तुमच्या खात्यावर टाका. चालकाच्या किलोमीटरमधून तो कापला तर तुमचा दर खोटा ठरतो.

एक इशारा. किलोमीटरच्या दरासोबत डिझेल वाचवल्याचा बोनस लावायचा मोह होईल. लावा, पण नियम घालून. बोनसच्या नादात उतारावर गाडी न्यूट्रल केली जाते. त्यात दुहेरी तोटा आहे. आताच्या इंजिनात गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की डिझेलचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. शिवाय इंजिनाचा अडसर सुटल्याने सगळा भार ब्रेकवर येतो. घाटात ब्रेक तापला की तो धरत नाही, आणि सतत दाबत राहिल्याने ब्रेकच्या हवेचा दाबही उतरतो. बोनस महिन्याच्या सरासरीवर द्या, एका फेरीवर नको, आणि न्यूट्रल दिसला तर बोनस रद्द असं आधीच सांगा.

आता खर्चाचं. चार लिटरला सोळा किलोमीटर, म्हणजे लिटरला ४ चं ॲव्हरेज आणि डिझेल ९० रुपये धरलं तर किलोमीटरला साडेबावीस रुपये डिझेललाच जातात. गाडी नीट ओळखणाऱ्या चालकाने ॲव्हरेज ४ वरून ४.२ वर नेलं तर ६,००० किलोमीटरमागे सुमारे ७१ लिटर वाचतात, म्हणजे ६,४०० रुपये. किलोमीटरला एक रुपयाहून जास्त. दरात पन्नास पैसे घासाघीस करून अनुभवी माणूस घालवला तर नव्या माणसाच्या हातून हे पैसे टाकीतून जातात. दर तीन महिन्यांनी चालक बदलणाऱ्या मालकाने हा हिशोब जरूर मांडावा.

आणि दर ठरवताना तास मोजा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याचे तास चालकाला लागू केले: दिवसाला ८, आठवड्याला ४८, लांब पल्ल्यावर फार तर १० आणि ५४, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये हा कायदा सामावला गेला आहे. दिवसाचे आठ तास आणि जादा कामाला दुप्पट दर, हे तत्त्व तिथेही आहे. आठवड्याचे सगळे ५४ तास गाडी धावली आणि सरासरी वेग ४० मिळाला, तरी २,१६० किलोमीटर होतात, महिन्याला ९,३००. माल भरण्या-उतरवण्याचे तास त्यातूनच जायचे. एका चालकाचं घर ९,००० किलोमीटर झाल्याशिवाय चालत नसेल तर तुमचा दर त्याची झोप काढून घेतो आहे. दर वाढवा किंवा गाडीवर दोन चालक ठेवा.

प्रश्न: हिशोबाच्या वेळी मुनीम कांद्याची घट, फाटलेली ताडपत्री, फुटलेला टायर, सगळं कापून घेतात. मागच्या महिन्यात हातात निम्मेही आले नाहीत. तक्रार करता येते का?
– चालक, लासलगाव

उत्तर: येते. वेतन संहितेप्रमाणे कपात एकूण वेतनाच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही. नुकसानीची कपात करायची तर ते नुकसान चालकाच्या निष्काळजीपणामुळे थेट झालेलं असलं पाहिजे, आणि कापण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. मोठा दगड न पाहता गाडी घातली आणि टायर फुटला, ही एक गोष्ट. तीन वेळा रिमोल्ड केलेला (नवी नक्षी चढवलेला) टायर मे महिन्यात भरल्या गाडीखाली फुटला, यात चालकाची चूक नाही.

कांद्याच्या घटीचं नीट समजून घ्या. कांद्यातलं पाणी वाटेत उडतं, वजन कमी होतंच. ओल्या लाल कांद्यात ही घट जास्त, उन्हाळी कांद्यात कमी. गोण्या मोजून भरल्या आणि मोजून दिल्या, रस्सी-ताडपत्री जागेवर होती, तर वजनातली घट चालकाच्या माथी मारता येत नाही. म्हणून भरताना काट्याची पावती आणि गोण्यांची संख्या बिल्टीवर घ्या, उतरवताना पोच पावतीवर पुन्हा तीच संख्या लिहून घ्या. ‘माल कमी’ असा शेरा कोणी लिहिला तर किती गोण्या कमी ते आकड्यात लिहायला लावा.

घेतलेली उचल वेगळी, ती परत द्यायचीच. पण तिचा हप्ता ठरवून घ्या. ओव्हरलोडचा दंड मात्र तुमच्या हिशोबात येऊ देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहे. काट्यावर वजन जास्त दिसलं तर गाडी हलवण्याआधी मालकाला फोटो पाठवा. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत आणि नोकरी सोडल्यावर दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा. मिळाला नाही तर नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज करा. सोबत फेऱ्यांची वही, बिल्ट्यांचे फोटो आणि बँक किंवा यूपीआयच्या नोंदी जोडा.

प्रश्न: माझे मिस्टर किलोमीटरवर गाडी चालवतात. लाइनवर काही बरंवाईट झालं तर आम्हाला काय मिळेल? मालक म्हणतात, तो पगारी नाही, त्यामुळे काही लागू नाही.
– एक गृहिणी, सिन्नर

उत्तर: ताई, मालकांचं म्हणणं चुकीचं आहे. किलोमीटरवर पैसे घेणाराही कामगारच आहे. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात ट्रकचालक येतात, मालकाची एकच गाडी असली तरी. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्मे गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणांक, असा हिशोब असतो. वेतन कितीही असलं तरी २०२० पासून हिशोबाला १५,००० रुपयांची मर्यादा धरली जाते. वय ४० ला गुणांक १८४.१७ आहे, म्हणजे ७,५०० गुणिले १८४.१७, सुमारे १३ लाख ८१ हजार. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर निम्म्याऐवजी साठ टक्के धरतात.

इथे एक मेख आहे, ती आजच तपासा. मासिक वेतन मागच्या बारा महिन्यांच्या कमाईवरून काढतात आणि प्रवासभत्ता वेतनात धरत नाहीत. काही मालक किलोमीटरचे सगळे पैसे वहीत ‘भत्ता’ म्हणून लिहितात. मग कमाई कागदावर दिसतच नाही. हिशोबाच्या कागदावर ‘किलोमीटरप्रमाणे वेतन’ आणि ‘खुराकी’ अशा दोन वेगळ्या ओळी लिहून घ्यायला सांगा. पैसे बँकेत येऊ द्या. रोख घेतले तर पुरावा राहत नाही.

गाडीच्या विमा पॉलिसीत पगारी चालकाची कायदेशीर जबाबदारी घेतली आहे का, ते पॉलिसीच्या पहिल्या पानावरच्या प्रीमियमच्या तक्त्यात दिसतं. त्याचा फोटो घरी असू द्या. मालकासाठीचा वैयक्तिक अपघात विमा निराळा, तो चालकाला लागू होत नाही. शिवाय बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्या. वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला २ लाख आहेत. वय ५० च्या आत असेल तर ४३६ रुपयांची जीवन ज्योती योजनाही घ्या. अपघात दुसऱ्या गाडीच्या चुकीने झाला असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येतं. तिथे सहा महिन्यांची मुदत पाळा. एकाच अपघाताची भरपाई दोन्हीकडून घेता येत नाही, म्हणून आधी वकिलाला दोन्ही रकमा काढायला सांगा.

प्रश्न: भाचा अमेरिकेत ट्रक चालवतो. मैलाला ६० सेंट मिळतात म्हणतो. तिथे ही पद्धत चालते तर इथे का चालू नये?
– वाचक, सातपूर

उत्तर: तिथेही हा वाद जुना आहे. ६० सेंट मैलाला म्हणजे किलोमीटरला सुमारे ३७ सेंट. आठवड्याला २,००० मैल झाले तर १,२०० डॉलर. अमेरिकेच्या सरकारी आकड्यांत २०२४ साली अवजड ट्रकचालकाची मध्यक वार्षिक कमाई सुमारे ५७,००० डॉलर होती. ऐकायला मोठी रक्कम आहे, पण खर्च आणि घरभाडं तिथलं. शिवाय १९३८ च्या तिथल्या वेतन कायद्याने बाकी कामगारांना जादा तासांचा दीडपट दर दिला आणि राज्याबाहेर माल नेणाऱ्या चालकांना त्यातून वगळलं. गोदामाच्या दारातल्या प्रतीक्षेचे पहिले दोन तास सहसा फुकट जातात. म्हणजे तक्रार तीच आहे, चाक थांबलं की कमाई थांबते.

तिथे एक आधार मात्र पक्का आहे. दिवसाला ११ तासांच्या वर गाडी चालवता येत नाही आणि डिसेंबर २०१७ पासून ते तास बहुतेक गाड्यांत इलेक्ट्रॉनिक यंत्र नोंदवतं. त्यामुळे जास्त मैलांसाठी झोप मोडणं अवघड झालं. युरोपने आणखी पुढची पायरी घेतली. २००६ च्या नियमावलीत, रस्त्यावरच्या सुरक्षेला धोका होईल अशा रीतीने अंतरावर किंवा मालाच्या वजनावर चालकाला पैसे द्यायला वाहतूक कंपन्यांना मनाई आहे, बोनस म्हणूनसुद्धा. भाच्याला विचारा की मैल कुठल्या नकाशाने मोजतात आणि प्रतीक्षेचे किती देतात. ६० सेंटचा खरा अर्थ त्या दोन उत्तरांनंतरच लागेल.

प्रश्न: फेऱ्यांची वही कशी ठेवावी? मला फार लिहिता येत नाही.
– चालक, मालेगाव

उत्तर: फेरीला एक ओळ पुरते: तारीख, कुठून कुठे, निघतानाचा मीटर, पोहोचतानाचा मीटर, गेटवर आल्याची वेळ, सुटल्याची वेळ, मिळालेली उचल. लिहायचा कंटाळा असेल तर मीटरचा आणि गेट पासचा फोटो काढून मालकांना व्हॉट्सॲपवर त्याच क्षणी पाठवा. फोटोवर तारीख-वेळ येते आणि मालकांनी पाहिल्याची खूणही राहते. फोन बदलला तर आधी चॅटचा बॅकअप घ्या. महिन्याच्या शेवटी एकूण किलोमीटर आणि हॉल्टिंगचे तास जोडून एक संदेश पाठवा, त्यावर मालकांचं ‘बरोबर’ असं उत्तर मागा, आणि मगच हिशोबाला बसा.